स्वस्तातले इफेक्ट: कॅमेऱ्यासमोर करावेत की नंतर संगणकावर?

मातीचा_किल्ला

आमच्या शॉर्टफिल्ममधलं वादळाचं आभाळ आम्ही गेल्या आठवड्यात माशांच्या रिकाम्या टाकीत शूट केलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: पैसे कमी असतील तर इफेक्ट कॅमेऱ्यासमोरच करावा. ‘पोस्टमध्ये (म्हणजे शूटनंतर, संगणकावर) बघू’ हे वाक्य सेटवर कोणी उच्चारूच नये.

काय केलं ते सांगतो. टाकी अर्धी होईपर्यंत मीठ पूर्ण विरघळवलेलं पाणी भरलं. त्यावर पातळ प्लास्टिक अंथरलं, वरून साधं पाणी अगदी बारीक धारेने सोडलं आणि मग प्लास्टिक एका कोपऱ्यातून सावकाश ओढून घेतलं. खारं पाणी जड, ते खालीच राहतं. आता पांढरा पोस्टर कलर पातळ करून सिरिंजने दोन थरांच्या मधोमध सोडायचा. रंगाला खाली उतरता येत नाही, म्हणून तो आडवा पसरतो, फुगतो, स्वतःभोवतीच वळतो. मागे टॉर्चची उघडझाप केली की झाली वीज. १९७७ च्या ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’मधले ढग टाकीत याच तत्त्वावर केले होते. आमचं पहिल्या दोन वेळा बिनसलं. प्लास्टिक घाईने ओढलं, पाणी एकजीव झालं आणि टाकीभर नुसता गढूळपणा. तिसऱ्यांदा ढग उठला तेव्हा मॉनिटरपाशी कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या ढगाची एकही कड आम्ही ठरवलेली नव्हती, आणि तेच मला मोलाचं वाटतं. संगणकावर जे सांगाल तेवढंच होतं.

दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब रोज थोडाथोडा टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली. हाताशी कॅमेरा, कुंडी आणि चिकाटी एवढंच होतं. आपण मात्र आधी सॉफ्टवेअर शोधायला लागतो.

पुढच्या महिन्यात पुराचं पाणी दार फोडून आत शिरतं तो शॉट आहे. तोही छोट्या प्रतिकृतीवर, टेबलावर करणार.

एक_ते_चोवीस

मला हे पटत नाही. ढग सुंदर आला असेल, पण त्या शॉटमध्ये नट नव्हता, कपडेपट नव्हता. बिघडलं तर पाणी बदलायचं आणि पुन्हा करायचं. माणूस असलेल्या शॉटमध्ये काय होतं ते ऐका.

छातीवर गोळी लागून रक्ताची पिशवी फुटते, असा शॉट होता. एकसारखे तीन शर्ट आणले होते. पहिल्या टेकला दोरा ओढला तरी पिशवी फुटली नाही. फुटली ती कट म्हटल्यावर, नट खाली बसताना. दुसऱ्यात फुटली पण फोकस हुकला. तिसऱ्यात रक्त कॉलरमधून थेट हनुवटीवर उडालं आणि नटाने दचकून लेन्समध्येच पाहिलं. शर्ट संपले. प्रत्येक टेकनंतर अंग पुसणं, फरशी पुसणं, नवी पिशवी चिकटवणं यात पाऊण तास जात होता. ऊनही कललं.

शेवटी कोऱ्या कपड्याने अभिनय शूट केला, छातीची हालचाल संगणकाला पकडता यावी (ट्रॅकिंग) म्हणून तिच्यावर दोन खुणा लावल्या आणि रक्त ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं. ब्लेंडर २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला दमडी लागत नाही. दोन रात्री जागलो, पण एकटा जागलो. तुम्ही फक्त सामानाचा खर्च मोजताय. सेटवर ताटकळलेल्या दहा माणसांचा दिवस कोण मोजणार?

बंदुकीबद्दल तर चर्चाच नको. २०२१ मध्ये एका सिनेमाच्या सेटवर बंदुकीतून खरी गोळी सुटून छायाचित्रकार गेली. गोळी सुटताना नळीतून निघणारी आग एखाद-दोन फ्रेमचीच असते. ती नंतरच लावावी.

रंगपेटी

मी मेकअप करते. माझा कौल किल्लादादांकडे आहे, पण त्यांचं ‘कॅमेऱ्यासमोरच’ मला अर्धंच पटतं. घरगुती म्हणजे निर्धोक, असा समज पसरलाय. हॉलिवूडचे मेकअपकार डिक स्मिथ यांची नकली रक्ताची कृती अनेक जण डोळे झाकून उतरवतात. कॉर्न सिरप आणि रंगाबरोबर त्यात फिल्म धुताना वापरायचं फोटो-फ्लो नावाचं रसायन आहे, आणि ते पोटात जाता कामा नये. ओठातून रक्त यायचं असेल तर फक्त सिरप, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोकोने लालीचा भडकपणा मरतो. निळ्याचा एक थेंब चालतो, दोन झाले की जांभळं दिसतं.

कोरड्या बर्फाचंही तसंच. तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. वायू हवेपेक्षा जड म्हणून धुकं जमिनीलगत छान पसरतं, आणि त्याच कारणाने जमिनीवर ‘मेलेला’ पडलेला नट त्यात गुदमरू शकतो. बंद खोलीत मी त्याला नकारच देते. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये नकली बर्फ म्हणून ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असलेलं खनिज, उधळायचे. तेव्हाही ते सोपं आणि स्वस्तच वाटलं होतं.

खोलवर_फोकस

पुराबद्दल सांगतो, कारण तिथे फसाल. प्रतिकृती लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान होत नाही. टेबलावरचं पाणी दाराच्या मानाने एवढ्या जाड थेंबांनी उडेल की प्रेक्षक क्षणात ओळखेल. प्रतिकृती जितकी लहान, तितका कॅमेऱ्याचा वेग (सेकंदाला किती फ्रेम) वाढवून शूट करायचं, आणि प्रतिकृती जितक्या पटीने लहान त्या पटीच्या वर्गमुळाएवढा तो वाढवायचा. एक-चतुर्थांश दाराला सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम, एक-षोडशांशाला ९६. पण फ्रेम वाढवून थेंबाचा आकार बदलत नाही, म्हणून पाणी असेल तर एक-चतुर्थांशाच्या खाली जाऊ नका. लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) बारीक ठेवा, नाहीतर मागचं पुसट होऊन खेळणं दिसेल. म्हणजे प्रकाश भरपूर लागेल, तो आधी जमवा.

मातीचा_किल्ला

बंदुकीचं पूर्ण मान्य, माझं ‘कोणी उच्चारूच नये’ तिथे चुकलं. कोरड्या बर्फाचा विचार मीही केला होता, रंगपेटीताई, तो आता काढून टाकला.

शर्टांचं मात्र मान्य नाही. तुमची पिशवी फुटली नाही कारण ती आदल्या दिवशी जुन्या कपड्यावर फोडून पाहिली नव्हती. आम्ही ढगाच्या दोन टाक्या वाया घालवल्या त्या शूटच्या आधी, घरी, दोघांनीच. सराव दहा माणसांसमोर केला तर तो महागच पडणार.

दार एक-चतुर्थांशच करतो. साधारण दोन फूट उंचीचं होईल, टेबल पुरणार नाही, अंगणात करावं लागेल.

एक_ते_चोवीस

सराव कमी पडला, हे खरं. पण सराव करूनही नट दचकतोच, आणि दचकलेला चेहरा पुसता येत नाही. माझं मत तेच आहे.

दाराचं करताय तर एक ऐका. पाणी सोडण्याआधी कॅमेरा तिपाईवर घट्ट बांधून कोरड्या दाराचा अर्धा मिनिट शूट करून ठेवा, आणि त्याच कोनातून, कॅमेऱ्याची उंची आणि अंतर प्रमाणात चौपट ठेवून, खऱ्या दारापुढे नटाचा वेगळा शॉट घ्या. प्रतिकृतीला कॅमेरा दोन फुटांवर असेल तर खऱ्या दाराला आठ फुटांवर. लेन्स तीच. प्रकाशाची दिशा लिहून ठेवा. दोन्ही तुकडे माझ्याकडे पाठवा, जोडून देतो.