शब्दचर्चा: ‘मोशन प्रिझर्व्हिंग सर्जरी’ला मराठीत काय म्हणावे?

चाफेकळी: मानेच्या शस्त्रक्रियांबद्दल रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. ‘फ्यूजन’ला ‘मणके जोडणे’ लिहिले, पण मणके न जोडता त्यांची हालचाल टिकवणाऱ्या ‘मोशन प्रिझर्व्हिंग सर्जरी’पाशी अडले. ‘गतिरक्षक शस्त्रक्रिया’ कसे वाटते?

पिंपळपान: ‘गतिरक्षक’ नको. रोजच्या बोलण्यात गती म्हणजे वेग. ‘चलन’ म्हटले की नोटा आठवतात. ‘हालचाल’ सगळ्यांना कळते, तेव्हा ‘हालचाल राखणारी शस्त्रक्रिया’ लिहा.

मला खरी काळजी ‘मणके जोडणे’ची वाटते. हात मोडला आणि प्लास्टर काढल्यावर आपण म्हणतो, हाड छान जुळून आले. म्हणजे जोडणे, जुळणे हे आपल्या कानाला बरे होणेच वाटते. फ्यूजनमध्ये खराब चकती (दोन मणक्यांमधली गादी) काढून तिथे हाडाचा तुकडा किंवा पिंजऱ्यासारखा आधार बसवतात, आणि वरचा-खालचा मणका मिळून एकच हाड व्हावे अशी अपेक्षा असते. तिथली हालचाल कायमची थांबते. हे ‘जोडणे’तून पोचत नाही. ‘दोन मणके एकजीव करणे’ म्हटले तर पोचते.

गारवेल: ‘एकजीव’ आवडला. पण मान ताठच राहणार अशी धास्ती नको बसायला. मान डावी-उजवीकडे वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होते. चकतीचा त्रास बहुधा खाली, पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मध्ये असतो. तिथली एकच जागा बंद झाली तर पुष्कळांना फरक जाणवतही नाही. हालचाल राखण्यामागे मोठा हेतू शेजारच्या चकत्यांवरचा ताण कमी ठेवण्याचा आहे. त्या चकत्या फ्यूजनमुळे झिजतात की वयाने, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, म्हणून पत्रकात ठाम आश्वासन देऊ नका.

चाफेकळी: मग सरळ ‘कृत्रिम चकती बसवणे’ लिहिले तर?

पिंपळपान: तो त्यातला एक प्रकार झाला. कंबरेच्या कृत्रिम चकतीचा एक गाजलेला नमुना पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात तयार झाला, १९८४ साली तो पहिल्यांदा रुग्णात बसवला. कारिन ब्यूटनर-यान्झ आणि कुर्ट शेलनाक या दोघांचे ते काम. (ब्यूटनर-यान्झ यांनी १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदके जिंकली होती. लवचिक कण्याचे मोल त्यांना पुरेपूर ठाऊक असणार.)

पण हालचाल राखायला कृत्रिम भाग लागतोच असे नाही. आपल्याकडे खुब्याच्या क्षयात गर्डलस्टोन शस्त्रक्रिया पुष्कळ झाली. तिच्यात मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग काढून टाकतात, बदली काही घालत नाहीत. पाय आखूड होतो, चाल लंगडी होते, तरी मांडी घालता येते, उकिडवे बसता येते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, शेतात खुरपणाऱ्या माणसाला गोठलेल्या खुब्यापेक्षा हा लंगडा पण हलता खुबा जास्त उपयोगी पडतो.

गारवेल: आणखी एक. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य पत्रकात घ्याच, कारण रुग्ण तेच बोलतात. प्रत्यक्षात चकती झिजली की मणक्यांमधली जागा कमी होते. ‘गॅप’ ऐकून लोक फट पडली समजतात आणि ती भरायची म्हणून पट्टा आवळत राहतात.

चाफेकळी: घेते. मग असे लिहू का? ‘हालचाल राखणारी शस्त्रक्रिया : खराब चकती काढून, मणके एकजीव न करता, त्या जागेची नैसर्गिक हालचाल परत मिळवून देणारी शस्त्रक्रिया.’

पिंपळपान: ‘नैसर्गिक’ काढा, कृत्रिम चकती हुबेहूब मूळच्या चकतीसारखी हलत नाही. ‘परत मिळवून देणारी’ही काढा. पूर्ण आखडलेल्या जागी ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. असलेली हालचाल टिकवायची असते. ‘त्या जागेची हालचाल शक्य तितकी टिकवणारी’ लिहा. खाली एक ओळ जोडा : हाडे फार ठिसूळ असतील, मणका जागेवरून सरकत असेल किंवा जंतुसंसर्ग असेल तर ही शस्त्रक्रिया चालत नाही. तिथे मणके एकजीव करणेच बहुधा योग्य ठरते, आणि तो उपचार कमी दर्जाचा नाही.