प्रतिसाद: भेटवस्तू, दिवे आणि सुट्टीचं वेळापत्रक

प्रश्न असा होता की ऑटिस्टिक (स्वमग्न) मूल भेट उघडताना रडतं, तर नाताळला भेटवस्तू द्यायच्याच नाहीत का? जरूर द्या. त्रास बहुतेकदा वस्तूचा नसतो. आत काय आहे ते माहीत नसतं, आणि सगळे तोंडाकडे बघत ‘आवडलं का?’ची वाट पाहत असतात. वेष्टनावर आतल्या वस्तूचा फोटो चिकटवा किंवा पारदर्शक कागद वापरा. एका वेळी एकच भेट, बाकीच्या पुढच्या काही दिवसांत. खेळण्यात सेल आधीच घालून ते चालतंय ना बघून ठेवा; ऐनवेळी स्क्रूड्रायव्हर शोधेपर्यंत थांबणं मुलाला फार जड जातं.

झाड एकदम सजवू नका. आधी नुसतं झाड, दुसऱ्या दिवशी दिवे, मग बाकीचं. माळ लुकलुकती नको, स्थिर प्रकाशाची घ्या. एक खोली मात्र बिनसजावटीची, नेहमीसारखीच ठेवा आणि तिथे पाहुण्यांना जाऊ देऊ नका.

माझ्या मते सगळ्यात अवघड असतं ते शाळेचं वेळापत्रक मोडणं. रोजचा चित्रतक्ता करा, म्हणजे दिवसभरात काय-काय होणार ते चित्रांनी दाखवणारा तक्ता. पाहुणे कधी येणार हे सगळे दाखवतात, कधी जाणार हे हमखास राहतं. सजावट उतरवायचा दिवसही त्यात हवा, तोही बदलच आहे.

नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा: मिठी-पापा मागायचा नाही, ताटात नेहमीचंच जेवण असेल, त्यावर बोलायचं नाही. आणि एखाद्या मोठ्या ऑटिस्टिक माणसाने ‘तासाभराने निघेन’ म्हटलं असेल, तर निघताना आग्रह करू नका.