फुप्फुसाची सूज आणि ऑक्सिजन, नक्की काय संबंध?

ऐरोलीकर
बाबांना सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, छातीत इन्फेक्शन होऊन अ‍ॅडमिट होते, आता घरी आलेत. ताप गेला, अँटिबायोटिक संपली तरी डॉक्टर म्हणतात सूज आहेच. कुठेतरी वाचलं की पांढऱ्या पेशींना आजूबाजूचा ऑक्सिजन कळतो आणि त्यावरून सूज कमीजास्त होते. हे कसं काय? घरी ऑक्सिजनचं मशीन दोन लिटरवर आहे, चारवर नेलं तर सूज लवकर उतरेल का?

कळवा_बायोटेक
कळतो, खरंच. पेशीत एचआयएफ नावाचं प्रोटीन सारखं बनत असतं, ऑक्सिजन भरपूर असला की पीएचडी एन्झाइम तोच ऑक्सिजन वापरून त्याच्यावर खूण करतात आणि ते लगेच तोडलं जातं. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, प्रोटीन साठतं आणि ढीगभर जीन्स चालू करतं. २०१९ चं मेडिसिनचं नोबेल यालाच, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना.

आता न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढायला आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी. एरवी त्या लवकर मरतात, मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, मग सूज उतरते. पण सुजलेल्या जागी ऑक्सिजन आधीच कमी, त्यामुळे एचआयएफ वाढतं आणि त्या मरतच नाहीत लवकर, आणि त्यांचं इलॅस्टेज नावाचं एन्झाइम जंतूंबरोबर आपल्याच फुप्फुसाच्या भिंती खात बसतं. पण एचआयएफला व्हिलन समजू नका हां, ते काढून टाकलेल्या उंदरांच्या पेशींना जंतूही नीट मारता येत नव्हते.

वाशीची_सिस्टर
दादा, मशीन चारवर अजिबात नेऊ नका प्लीज! सीओपीडीत सॅच्युरेशन साधारण ८८ ते ९२ ठेवतात, त्याच्या वर नेलं तर काही पेशंटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते. आणि सूज उतरेलच असंही नाही. फुप्फुसं सुजलेल्या उंदरांना १०० टक्के ऑक्सिजन दिला तर इजा वाढली, कारण कमी ऑक्सिजनमध्ये अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन तयार होऊन पांढऱ्या पेशींना आवर घालतं, तो आवरच सुटला. अर्थात सॅच्युरेशन ८८ च्या खाली जात असेल तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

ऐरोलीकर
थँक्यू ताई, आत्ता ९० आहे, दोनवरच ठेवतो. हे एचआयएफ कमी करायची गोळी नसते का?

कळवा_बायोटेक
बाजारात आहेत त्या बहुतेक उलट्या, एचआयएफ वाढवणाऱ्या. डेसिडुस्टॅट आपल्याकडे मिळते, पण किडनीच्या पेशंटच्या अ‍ॅनिमियासाठी. बाबांचे इनहेलर चुकवू नका आणि थंडीत ठाणे-बेलापूर रोडच्या बाजूची खिडकी सकाळी बंद ठेवा, तिथला धूर फार वाईट.