मिशन ट्रिपचा शेवटचा दिवस : तुमचे निरोपाचे अनुभव

मोगरा_२
आमच्या मंडळीतली (चर्चमधली) तरुण मुलं परवा मिशन ट्रिपवरून, म्हणजे परदेशातल्या थोड्या दिवसांच्या सेवेवरून परतली. घ्यायला गेले होते. एक मुलगी सामानाच्या ट्रॉलीला टेकून हुंदके देत होती आणि तिची आई सारखी विचारत होती, "अगं, कोणी बोललं का तुला?" मला माझाच निरोप आठवला. शेवटच्या उपासनेत पाळकांनी (पास्टरांनी) आम्हाला पुढे बोलावलं, सगळ्यांनी डोक्या-खांद्यांवर हात ठेवले आणि जो तो आपापल्या शब्दांत, एकाच वेळी, मोठ्याने प्रार्थना करू लागला. मला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त मधूनमधून माझं नाव ऐकू यायचं. ज्यांच्या घरी राहिले त्या आजी मात्र आल्याच नाहीत. घरी जाऊन बघते तर भांडी घासत बसलेल्या. माझ्याकडे बघेनात. मी शेजारी बसून विसळायला घेतलं तेव्हा कुठे बोलल्या.
तुम्ही रडलात की कोरडे परतलात? दोन्ही लिहा.

टेनर
कोरडा. सगळे गळ्यात पडून रडत होते आणि मी पासपोर्ट मोजत होतो, टीम लीडर ना! रडू आलं ते घरी परतल्यावर, बँकेच्या रांगेत. मागचे काका म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे, होतं असं."

सिस्टर_निवृत्त
आमची बसच आली नाही. प्रार्थना झाली, गाणं झालं, रडून झालं, फोटो झाले. मग परत सगळे बसलो. तासाभराने कोणीतरी म्हणालं, पुन्हा एकदा प्रार्थना करू या. दुसऱ्या वेळी कोणालाच रडू येईना, सगळे हसायलाच लागले.

रुथ७
बायबलमध्ये इफिसच्या मंडळीचे वडीलजन मिलेत बंदरात प्रेषित पौलाच्या गळ्यात पडून रडले, ते सगळ्यांना आठवतं (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २०). मला त्याच्या पुढच्या अध्यायातला सोर शहरातला निरोप जास्त आवडतो. बायकामुलांसकट सगळे शहराबाहेर पोचवायला आले आणि किनाऱ्यावर गुडघे टेकले. आणि पौल तिथे होता किती? सात दिवस! "एवढ्याशा दिवसांत कसला जीव लागतो" म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवते.

कणीक_मळतेय
मला खूप लिहायचंय पण हाताला पीठ आहे. नंतर येते

तिरकस
निरोपाच्या कार्डावर मिस्पाचं वचन मिळालंय का कोणाला? "आपण एकमेकांपासून दूर असताना परमेश्वर आपल्यावर नजर ठेवो" वालं. बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक, अध्याय ३१, नीट वाचा. सासरा लाबान जावई याकोबाला दम देतोय, माझ्या मुलींना छळलंस तर देव बघतोय म्हणून. मिस्पा म्हणजे तिथे रचलेली दगडांची रास, सासऱ्या-जावयातली हद्द!

मोगरा_२
तिरकस 😂 आमच्या लग्नातल्या फ्रेमवर तेच आहे. बाबांनीच दिलेली. आज विचारतेच.

डॉक_साधा
जरा वेगळा सूर लावतो, राग नसावा. आमची टीम एका बालगृहात होती. निघताना आमच्यातले सगळे रडले. मुलं रडली नाहीत, हसून टाटा केलं आणि खेळायला पळाली. त्यांना सवय होती, पुढची टीम येणारच होती. अशा ठिकाणच्या अनेक मुलांचे आईवडील हयात असतात, हे मला तिथून आल्यावर समजलं. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणारं नुकसान रोखा, असं देशांना सांगितलं. मुलांना "परत येईन" म्हणताना दहादा विचार करा. आपण सांगून विसरतो, मूल वाट बघतं.

रुथ७
+१. आमच्या लीडरने आधीच ताकीद दिली होती, येण्याचं वचन द्यायचं नाही, फक्त "तुझ्यासाठी प्रार्थना करेन" म्हणायचं, आणि करायची.

सेवकाची_लेक
तुम्ही निघून येता, आम्ही मागे राहायचो. टीम जायच्या तशाच एका ठिकाणी आईबाबा बरीच वर्षं सेवेत होते. दर टीम गेली की घर दोन दिवस सुनं असायचं. नंतर नंतर मी टीममधल्या ताया-दादांशी मैत्रीच करायची नाही असं ठरवलं होतं.
आम्ही कायमचे परत निघालो तेव्हा आईला कुठूनतरी डेव्हिड पोलॉक यांची, जागा सोडताना वापरायची 'राफ्ट' पद्धत कळली. आधी भांडणं मिटवा, आभार माना, निरोप घ्या, मग पुढच्या ठिकाणाचा विचार करा. निरोप माणसांचाच नाही, जागांचा, प्राण्यांचा, वस्तूंचाही घ्यायचा. भावाने कुत्र्याचा घेतला, मी पाण्याच्या टाकीचा. आईला वाटलं मी चेष्टा करतेय. पण त्या टाकीवर बसूनच मी वाचायला शिकले होते.

टेनर
टाकी 🥺

अण्णा_वाचक
मिशनरी विल्यम केरी १७९३ साली इंग्लंडहून भारतात यायला निघाला तो परत गेलाच नाही, १८३४ ला बंगालमधल्या सेरामपूरलाच वारला. तेव्हाचा निरोप म्हणजे कायमचा. आता विमान सुटायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुप तयार!

टेनर
आणि महिन्याभरात त्यावर फक्त गुड मॉर्निंगची फुलं.

नवी_सभासद
विषयांतर. तिथल्या एका मुलाचे फीसाठी मेसेज येतात. नाही म्हणवत नाही. काय करता?

डॉक_साधा
थेट त्याला पाठवू नका. तिथल्या पाळकांना विचारा, मंडळीमार्फत द्या. नाहीतर त्याच्या शेजारच्या मुलाला काय वाटेल?

मोगरा_२
सिस्टर, बस आली का शेवटी?

सिस्टर_निवृत्त
दुसऱ्या दिवशी सकाळी. पोचवायला एकच जण आला, तोही स्वतःची छत्री न्यायला.