दवाखान्याच्या नोकरभरतीत मुलाखतीच्या टेबलाशी एक खुर्ची पेशंटच्या घरच्यांची असावी का?

अमळनेरची_लेक
आईचं वय ७१. खुब्याचं हाड मोडलं म्हणून मागच्या महिन्यात जळगावातल्या एका खाजगी दवाखान्यात अकरा रात्री काढल्या. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. तिसऱ्या रात्री मी औषधं आणायला खाली गेले होते. आई वॉर्डबॉयला म्हणाली, "माले भाहेर जानं शे, पोऱ्या." पोरगा नवा होता, बाहेरगावचा. त्याला वाटलं आजीला हवा खायची आहे. म्हणाला, डॉक्टरांनी उठायला मनाई केलीय. आई तीनदा म्हणाली, मग गप्प झाली. मी वर आले तेव्हा चादर खराब झाली होती आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. आयुष्यात कुणापुढे पदर न ढळू दिलेली बाई. पुढचे दोन दिवस ती पाणीच प्यायली नाही, परत तसं व्हायला नको म्हणून.

त्या पोराला दोष देत नाही. त्याला घेताना कुणी विचारलं असेल का, "अहिराणी कळते का रे?" कॅनडात किंग्स्टन जनरल हॉस्पिटलमध्ये नोकरभरतीच्या मुलाखतीला पूर्वीचे पेशंट किंवा त्यांच्या घरचे बसतात. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातली हेळसांड २०१३ च्या फ्रान्सिस अहवालात आली, तेव्हापासून तिकडे माणसाचा स्वभाव बघून घेण्यावर जोर आहे आणि काही ठिकाणी मुलाखतीला पेशंट बसवतात. मग आपल्याकडे का नको? पेशंटशी थेट संबंध येणारी पदं, म्हणजे सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय, केसपेपरची खिडकी, एवढ्यांपुरतं तरी.

पांझरा_काठ
एवढं सगळं करून शेवटी डॉक्टरच्या मेव्हण्याचाच पोरगा लागतो. चालू द्या.

सिस्टर_भुसावळ
ताई, आईंचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण मी चौदा वर्षं वॉर्डात आहे आणि माझा या गोष्टीला ठाम विरोध आहे.

मला मार्क कोण देणार? रात्री बारा वाजता सहा नातेवाईक आत सोडले नाहीत म्हणून मला उद्धट म्हणणारे? सलाईन जोरात सोडा, लवकर संपेल, असं सांगणारे? आमच्या अंगावर धावून येणाऱ्यांसाठी २०१० मध्ये कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. त्या गर्दीतल्याच कुणाला आता आमच्या मुलाखतीला बसवायचं?

गोड बोलणं म्हणजे नर्सिंग नव्हे. कडक बोलून पेशंटला दुसऱ्याच दिवशी चालायला लावणारी सिस्टर नातेवाइकांना आवडत नाही, पण त्याच सिस्टरमुळे पाठीला जखमा होत नाहीत. आणि त्या रात्री त्या मजल्यावर किती पेशंटमागे किती माणसं होती, हे विचारलंत का? चाळीसमागे एक असेल तर अहिराणी येऊनही भांडं वेळेवर पोचत नाही.

टेबल_नंबर_चार
धुळ्याहून, आस्थापना शाखेत आयुष्य गेलेला माणूस. सरकारी भरतीत तुमची खुर्ची ठेवायला टेबलच नाही. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेवक-सेविकांची २०२३ ची भरती आयबीपीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन परीक्षेने झाली. गुण, बिंदुनामावली (म्हणजे आरक्षणाचा क्रम), निवड यादी, संपलं. मुलाखत ठेवली की वशिल्याच्या चिठ्ठ्या येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यात "नातेवाईक प्रतिनिधी" आला की तो कुणाचा माणूस, यावर पहिलं भांडण आणि दुसऱ्या दिवशी कोर्टाची नोटीस. राहिलं खाजगी आणि अकरा महिन्यांचं कंत्राटी. तिथे करून बघा. वॉर्डबॉय तर आता बऱ्याच ठिकाणी ठेकेदार पुरवतो, त्याची मुलाखत कोण घेतं देव जाणे.

धडगावकर
तुम्ही सगळे कॅनडाला पोचलात, जरा सातपुड्यात या. आशा कार्यकर्ती निवडताना गावाला विचारायचंच असतं, ग्रामसभेतून नाव येतं. डोंगरी भागात पाड्यागणिक एक आशा. आमच्या पाड्यावर सभेत एका म्हातारीने विचारलं होतं, "पावसाळ्यात नदी भरली तर हिचा नवरा हिला रात्री घराबाहेर पडू देईल का?" हा प्रश्न कुठल्या पेपरात येतो सांगा. नर्मदाकाठच्या गावांना तरंगता दवाखाना आहे, बोटीवरचा. त्यावरच्या माणसाला आमची पावरी बोली येत नसेल तर बाई नुसतं पोट दाखवते आणि गोळी घेऊन परत जाते.

२००७ पासून लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच नजर ठेवणं, सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत नंदुरबार होता. जनसुनवाईत बायांनी माइक हातात घेऊन सांगितलंय, कोण पैसे मागतो, कोण हात लावत नाही. म्हणजे माणूस नेमल्यावर आम्ही बोललेलं चालतं. नेमायच्या आधी मात्र आम्ही अडाणी!

टेबल_नंबर_चार
आणि ग्रामसभेतून सरपंचाची सून आशा झालेली पाहिली नाही का दादा? मी तीन गावांत पाहिली.

धडगावकर
पाहिली. त्यातली एक चांगली निघाली, तेही सांगतो. पण सरपंचाची सून सगळ्यांसमोर निवडली जाते. तुमच्याकडे चिठ्ठी पाकिटात येते.

चोपड्याचा_डॉक्टर
मी वीस खाटांचा दवाखाना चालवतो आणि हा उद्योग एकदा केलेला आहे, म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी चार जागांसाठी थेट मुलाखती होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या पेशंट. त्यांना शेजारी बसवलं. मानधन म्हणजे चहा-पोहे.

एक मुलगा सर्टिफिकेटांची फाइल घेऊन आला होता, मी जवळजवळ हो म्हणालो होतो. बाईंनी विचारलं, "एक म्हातारा पेशंट रात्री चौथ्यांदा बेल वाजवतो. काय करशील?" तो म्हणाला, "त्याच्या घरच्यांना उठवीन, त्यांचं काम आहे ते." नियमाने फार चुकीचं नाही, पण माझ्या डोक्यात तो प्रश्न आलाच नसता. त्याला घेतलं नाही.

आता दुसरी बाजू. यावलकडची एक मुलगी, मान खाली, उत्तरं दोन शब्दांत. बाई म्हणाल्या, ही पेशंटशी काय बोलणार? मला माणसं हवीच होती (बोर्ड लावला की दोन-तीन जण येतात, त्यातला एक पुण्याचं काम लागेपर्यंत थांबतो). घेतलं तिला. आज बाळंतपणाच्या खोलीत तीच लागते. बोलत अजूनही नाही, पाठीवरून हात फिरवत उभी राहते. अर्ध्या तासात माणूस ओळखण्यात बाई एकदा जिंकल्या, एकदा हरल्या. माझा हिशोबही साधारण तेवढाच आहे म्हणा.

सिस्टर_भुसावळ
डॉक्टर, तुम्ही बसवलं कुणाला? निवृत्त शिक्षिकेला. त्यांना मान खाली घालणारी पोरगी पटली नाही, यात नवल काय? तुमच्याच तालुक्यातल्या वैजापूरकडच्या पाड्यावरची एखादी बाई बसली असती तर तिने तीच पोरगी पहिली निवडली असती. खुर्ची ठेवाल तेव्हा तिच्यावर नेहमी शिकलेला, चारचौघांत बोलणारा, बहुतेक वरच्या जातीचाच माणूस बसणार. पेशंट म्हणजे तेवढेच का? आणि पाड्यावरच्या बाईने एका दिवसाची मजुरी बुडवून तुमचे चहा-पोहे खायला का यावं?

अमळनेरची_लेक
हे बरोबर आहे आणि मला टोचलं. माझी आई त्या खुर्चीवर कधीच बसली नसती. कुणी बोलावलं असतं तर मलाच बोलावलं असतं, आणि मी बहुतेक नीटनेटकं मराठी बोलणारा मुलगा निवडला असता. म्हणजे त्या वॉर्डबॉयसारखाच!

मग मागणं थोडं बदलते. नापास करायचा अधिकार नको. ज्ञान सिस्टर आणि डॉक्टर तपासतील. आईसारख्या कुणीतरी उमेदवाराला आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलायची, त्याला काय कळलं ते त्याने सांगायचं. भाषा येत नसेल तर निदान "आजी, समजलं नाही, परत सांगा" म्हणतो का, एवढं दिसेल. आणि येणाऱ्या बाईला त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची.

टेबल_नंबर_चार
याला कोर्टात कुणी जाणार नाही. लिहून ठेवा फक्त, कुणी काय विचारलं ते.

धडगावकर
मजुरी रोख आणि त्याच दिवशी. नाहीतर बिल मंजूर होईपर्यंत ती बाई गुजरातला ऊसतोडीला गेलेली असते.

सिस्टर_भुसावळ
एवढ्यावर माझा विरोध अर्धा कमी. उरलेल्या अर्ध्यासाठी अट आहे. जो कुणी मुलाखतीला बसणार, त्याने आधी आमच्यापैकी कुणाबरोबर तरी एक रात्रपाळी बघायची. नुसती खुर्चीवर बसून, आठ ते आठ.

चोपड्याचा_डॉक्टर
माझ्याकडे या. पुढच्या महिन्यात दोन जागा भरायच्या आहेत. ताई, शनिवारची रात्र जमेल?

अमळनेरची_लेक
शनिवारी आईचे व्यायाम घेणारा येतो, त्याच्याशी आता कुठे तिचं जमायला लागलंय. मंगळवारी येऊ का? आई विचारतेय, डबा आणायचा का सिस्टरांसाठी.