आधी व्याख्यान, मग कामकाज

गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या क्लबच्या सभेसाठी ‘कामकाज आधी उरका, पाहुण्यांचं व्याख्यान शेवटी ठेवा’ ही सूचना पटत नाही. हिशेबावर वाद पेटला की पाहुणा ताटकळतो आणि नवे सदस्य पुढच्या सभेला फिरकत नाहीत. क्रम उलटा करा. जमाखर्च नि मागच्या सभेचं इतिवृत्त आधीच पाठवा, सभेत फक्त हरकती विचारा. मतदानाचा ठराव असेल तर तेवढाच सुरुवातीला घ्या. कारण व्याख्यान संपलं की निम्मे लोक उठतात आणि गणपूर्ती बोंबलते.

गाठींचं प्रात्यक्षिक मात्र व्यासपीठावरून नकोच. 0.30 मिमीची दोरी मागच्या रांगेतून कोणाला दिसणार? पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येकाला जाड दोरी आणि टोक मोडलेला मोठा गळ द्या. गळ दोरीला बांधायच्या क्लिंच गाठीचे पाच वेढे नीट बसू लागले की मगच नायलॉनची खरी दोरी हातात द्यायची. आवळण्याआधी ती ओली करायला लावा, नाहीतर घर्षणाने तापून नेमकी गाठीतच कमजोर होते. विणलेल्या दोरीवर साधी क्लिंच सरकते, तिथे पालोमार ही दुसरी गाठ शिकवा.

स्पर्धेचे नियम? लेखी मसुदा असल्याशिवाय चर्चेलाच घेऊ नका.