डार्क मॅटरचा कण सापडलाच तर त्याचं वस्तुमान कसं कळणार?

निशाचर: डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं पदार्थद्रव्य, शोधणाऱ्या एलझेड, झेनॉनएनटी वगैरे झेनॉन भरलेल्या डिटेक्टरांमध्ये समजा उद्या खरंच थोडे सिग्नल आले, तर नुसत्या धडकांवरून कण किती जड ते कसं काढतात? कण तर हातात येतच नाही ना.

भिंगरी: धडकेनंतर झेनॉनचं अणुकेंद्र किती ऊर्जेने उसळलं ते मोजतात. कण हलका असेल तर सगळ्या धडका कमी ऊर्जेच्या, जड असेल तर मोठ्याही दिसतात. पण गोची अशी की कण झेनॉनच्या अणुकेंद्रापेक्षा फारच जड निघाला तर कुठल्या ऊर्जेच्या किती धडका आल्या त्या आलेखाचा आकार बदलायचाच थांबतो, मग वस्तुमान दुप्पट आणि धडकायची शक्यताही दुप्पट धरली तरी आकडे तेच येतात, बसा डोकं खाजवत.

अवकाशवेडा: शिवाय कण कशामुळे धडकतो हेही एका डिटेक्टरवर कळत नाही. आर्गॉन-४० च्या अणुकेंद्राला स्पिन (स्वतःभोवती फिरण्यासारखा एक क्वांटम गुण) नाही, फ्लोरिन-१९ ला आहे. फ्लोरिनमध्ये दिसलं अन् आर्गॉनमध्ये नाही, तर धडक स्पिनमुळे होते असा संशय घ्यायचा.

निशाचर: आणि इटलीतल्या डामा प्रयोगवाले तर डार्क मॅटर सापडलाय म्हणतात?

भिंगरी: त्यांचा सिग्नल वर्षभरात कमीजास्त होतो खरा, पण डिटेक्टरमध्ये तोच पदार्थ, सोडियम आयोडाइड, वापरून अनाइस आणि कोसाइन या दुसऱ्या प्रयोगांना तसं काही दिसलं नाही. मला तरी त्यात दम वाटत नाही.